एकदांडी: एका फुलात किती फुलं?

एकदांडी तुम्ही पाहिलेली आहे, फार तर नाव माहीत नसेल. सोसायटीच्या कुंपणालगत, रेल्वे रुळांच्या खडीत, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, शेताच्या बांधावर, गच्चीतल्या विसरलेल्या कुंडीत ती असतेच. जमिनीला धरून पसरलेलं खरखरीत पानांचं रोप आणि त्यातून वीतभर उंच उठलेली बारीक, केसाळ दांडी. दांडीच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळा गोल, भोवती फिकट पिवळ्या, जवळजवळ दुधी रंगाच्या पाच पाकळ्या. सगळं मिळून बोटाच्या नखाएवढं. कुठे हिला दगडी पाला म्हणतात, कुठे कंबरमोडी, कुठे जखमजोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स.

वर 'एकच फूल' आणि 'पाच पाकळ्या' असं लिहिलं ते रोजच्या बोलण्याच्या सोयीनं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं त्या दांडीच्या टोकावर पन्नास, साठ, कधी ऐंशीच्या घरात फुलं असतात. ज्यांना आपण पाकळ्या म्हटलं त्या पाच पाकळ्या म्हणजे त्यांतलीच पाच फुलं.

हे पटवून घ्यायला एकदांडीपेक्षा झेंडू बरा, कारण तो मोठा असतो आणि दसऱ्याला घरात ढिगानं पडलेला असतो. तोरण ओवून उरलेला एक झेंडू घ्या आणि त्याची एक पाकळी बुडापासून उपटा. जास्वंदीची पाकळी उपटली तर हातात नुसती पाकळी येते. झेंडूची पाकळी एकटी येत नाही. तिच्या खाली एक बारीक, पांढुरकी काडी चिकटलेली असते. फूल वाळलं की ती काडी काळी पडते, आणि हीच काळी काडी मातीत टाकली की झेंडूचं रोप उगवतं. बागेत झेंडू लावणाऱ्या प्रत्येकानं हे केलेलं असतं, फक्त त्याचा अर्थ लावलेला नसतो. जिला स्वतःचं अंडाशय आहे, जिच्यापासून स्वतंत्र फळ तयार होतं, तिला पाकळी म्हणता येणार नाही. ते एक अख्खं फूल आहे.

अशा छोट्या फुलाला मराठीत पुष्पक म्हणतात आणि पुष्पकांच्या या दाटीला स्तबक. सूर्यफूल, शेवंती, करडई, कारळे, माका, कासच्या पठारावर सप्टेंबरात पसरणारी पिवळीधमक सोनकी आणि आपलं कुप्रसिद्ध गाजरगवत, या सगळ्यांची तऱ्हा हीच. सगळी एकाच कुळातली. जगातल्या सपुष्प वनस्पतींपैकी साधारण दर दहावी जात या सूर्यफूल कुळातली आहे. हे कुळ दक्षिण अमेरिकेत उगम पावलं असं मानतात. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात सापडलेल्या, साधारण 4 कोटी 75 लाख वर्षं जुन्या एका जीवाश्मात असं स्तबक ओळखता येतं. त्याचं वर्णन 2010 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे ही युक्ती बरीच जुनी आहे, आणि एकदा जमल्यावर या कुळानं ती सोडलेली नाही.

आता एकदांडीचं स्तबक उघडून बघू. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम; नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. सुईच्या टोकानं आधी बाहेरची एक 'पाकळी' सोडवा. तिच्या टोकाला तीन दात दिसतील. हे दात शोभेचे नाहीत. या कुळाच्या फुलाला मुळात पाच पाकळ्या. त्यांतल्या तीन एकमेकींना चिकटून ही पट्टी झाली आणि उरलेल्या दोन खुंटल्या. पट्टीच्या बुडाशी आखूड नळी आणि नळीतून डोकावणारा दोन टोकांचा बारीक दोरा दिसेल. तो स्त्रीकेसराचा भाग. पुंकेसर शोधू नका, ते नसतात. बाहेरची ही पाच किरणपुष्पकं निव्वळ मादी असतात. सूर्यफुलात तर किरणपुष्पकं वांझच असतात, त्यांचं काम केवळ दिसण्याचं. एकदांडीची किरणपुष्पकं दिसण्याचं काम करून वर बीही धरतात.

मग मधल्या पिवळ्या गोलातलं एखादं उपटा. हे बिंबपुष्पक. सरळ उभी नळी आणि नळीच्या तोंडाशी पाच सारखे दात, म्हणजे इथे पाचही पाकळ्या शाबूत आहेत, फक्त एकमेकींत जुळलेल्या. आत पाच पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर. अंडाशय सगळ्यांत खाली, त्यात एकच बी होणार. आणि अंडाशयाच्या माथ्यावर, नळीच्या भोवती, बारीक केसांचं कडं. साध्या फुलाला खालून जी हिरवी निदलं असतात त्यांचे हे केस झाले आहेत. मग स्तबकाच्या खाली जे हिरवं दिसतं ते काय? ती निदलं नव्हेत. सगळ्या पुष्पकांना मिळून संरक्षण देणारी ती छदं, म्हणजे रूप बदललेली पानं. इतकी सराईत बतावणी आहे की भल्याभल्यांना ते एक फूल वाटतं. कीटकांनाही तसंच वाटावं हाच त्यात डाव आहे.

एकाच रोपावर, एकाच स्तबकात, एकाला पट्टी आणि शेजाऱ्याला नळी, हे ठरतं कसं? यामागे मुख्यतः सायक्लोइडिया गटातली जनुकं असतात. ती फक्त कडेच्या पुष्पकांत जोरात काम करतात आणि तिथलं फूल एका बाजूला लांबतं. मधल्या पुष्पकांत ती गप्प असतात, म्हणून तिथली फुलं सगळ्या बाजूंनी सारखी राहतात. या जनुकाची शिस्त बिघडली तर काय होतं ते चित्रकार व्हॅन गॉगनं 1888 मध्ये रंगवून ठेवलं आहे. त्याच्या चित्रांतली काही सूर्यफुलं नेहमीसारखी नाहीत. मधला तपकिरी गोल जवळजवळ दिसतच नाही, सगळीकडे पिवळ्या पट्ट्याच. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा 'डबल' सूर्यफुलांचा जनुकीय छडा लावला. कडेला चालायचं ते जनुक मध्येही चालू झालं होतं, म्हणून मधल्या नळ्यांच्याही पट्ट्या झाल्या. तोरणाचा गच्च भरलेला झेंडू हीही अशीच 'डबल' फुलं निवडून निवडून वाढवलेली जात. रानातल्या झेंडूला बाहेर मोजकी किरणं आणि मध्ये उघडा गोल असतो, पुष्कळसा एकदांडीसारखाच.

यातला सगळ्यांत बघण्यासारखा भाग परागांचा आहे. एरवी फुलात पुंकेसर सुटे उभे असतात आणि परागकोश फुटले की पराग बाहेर दिसतात. या कुळात पाचही परागकोश कडांनी एकमेकांना चिकटून त्यांची एक नळी होते, आणि ते फुटतात ते नळीच्या आतल्या बाजूला. पराग आत कोंडले जातात. कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, तेव्हा नळीच्या तळाशी असते, तिची दोन टोकं एकमेकांना घट्ट मिटलेली. मग ती वाढू लागते. दिवाळीत सोऱ्यात पीठ भरून वरून दट्ट्या दाबला की खालून शेव बाहेर पडते, तसंच इथे होतं, फक्त उलट्या दिशेनं. कुक्षीवृंत खालून वर सरकतो आणि साचलेले पराग नळीच्या तोंडातून बाहेर ढकलतो. सकाळी भिंगातून पाहिलं तर एकदांडीच्या मधल्या नळ्यांच्या तोंडाशी हे परागांचे पिवळे ठिपके दिसतात. तेवढ्यात एखादी माशी किंवा फुलपाखरू येऊन टेकलं की त्याच्या पोटाला, पायांना ते लागतात.

सगळे पराग बाहेर गेल्यावरच त्या दांडीची मिटलेली दोन टोकं फाकतात आणि बाहेर वळतात. पराग धरणारी जागा, म्हणजे कुक्षी, ही या टोकांच्या आतल्या बाजूला असते, म्हणून ती इतका वेळ झाकलेली होती. थोडक्यात, हेच फूल आधी नर असतं आणि मग मादी होतं. स्वतःचे पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडू नयेत याची ही तजवीज. आणि दुसरीकडचे पराग आलेच नाहीत तर? या कुळातल्या बऱ्याच जातींत ती दोन टोकं शेवटी इतकी मागे वळतात की आपल्याच उरल्यासुरल्या परागांना टेकतात. दुसऱ्याचे मिळाले तर उत्तम, नाहीतर आपले तरी. तणांना असा व्यवहारीपणा परवडतो.

ही पुष्पकं सगळी एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या कड्यातली आधी, मग आतलं कडं, मग त्याच्या आतलं, असं काही दिवस चालतं. त्यामुळे कुठल्याही दिवशी पाहिलं तर बाहेरची फुलं मादी अवस्थेत, त्यांच्या आतली पराग बाहेर काढणारी आणि अगदी मधली मिटलेल्या कळ्या. सूर्यफुलात हे कडं उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतं. एकदांडीत जरा डोळे ताणावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. सरळ एक मोठं फूल का नाही? एक कारण खर्चाचं. मोठ्या पाकळ्या करायला झाडाला बरीच सामग्री लागते. इथे जाहिरातीचं काम पाच पुष्पकांवर सोपवलं आणि बाकीची पन्नास-साठ त्या जाहिरातीवर चालतात. दुसरं, कीटकाची एक फेरी. तो एकदा टेकला की मधासाठी एका नळीतून दुसऱ्या नळीत सोंड घालत हिंडतो, आणि एका भेटीत कितीतरी फुलांचं परागण उरकतं. तिसरं, नुकसान वाटलं जातं. अळीनं चार पुष्पकं कुरतडली तरी उरलेली बी धरतात. प्रत्येक फुलात एकच बी असल्यानं एका फुलाच्या अपयशाची किंमतही एकाच बियाएवढी. छोट्या फुलपाखरांना हा बेत फार मानवतो, कारण नळ्या उथळ असतात आणि बसायला सपाट जागा मिळते. ग्रास ब्लू, ग्रास यलो यांसारखी जमिनीलगत उडणारी चिमुकली फुलपाखरं बघायची असतील तर सकाळी नऊ-दहाच्या उन्हात एकदांडीच्या पट्ट्याशी जाऊन थांबा. फुलपाखरांची छायाचित्रं काढणाऱ्या मंडळींना हे चांगलं ठाऊक असतं. सोसायटीच्या बागेचं कंत्राट घेणाऱ्यांना बहुधा नसतं.

इतकी फुलं एवढ्याशा जागेत बसवायची म्हणजे मांडणीही काटकसरीची हवी. वाढणाऱ्या स्तबकात प्रत्येक नवं पुष्पक आधीच्यापासून साधारण 137.5 अंश फिरून तयार होतं. या कोनाची खुबी अशी की कितीही फेरे झाले तरी फुलं एकाच रेषेत येत नाहीत आणि मोकळी फट उरत नाही. याचाच परिणाम म्हणून डावीकडे आणि उजवीकडे वळणाऱ्या सर्पिल ओळी दिसतात. त्या मोजायला एकदांडी फार लहान, तिथे सूर्यफूलच घ्यावं. ओळी बहुतेक वेळा 21 आणि 34, 34 आणि 55, किंवा 55 आणि 89 अशा जोडीनं मिळतात. पुढची संख्या म्हणजे मागच्या दोन संख्यांची बेरीज. जगात ही मालिका इटालियन गणिती फिबोनाचीच्या नावानं चालते. त्यानं ती 1202 मध्ये दिली. पण छंदःशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना ती आपल्याकडे आधीच सापडली होती. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, तर चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. सहा मात्रांची? तेरा. विरहांकानं हा हिशेब मांडला आणि 1150 च्या सुमारास हेमचंद्रानंही.

मात्र 'निसर्गात सगळीकडे फिबोनाची' असे जे संदेश फिरतात त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. गणिती अ‍ॅलन ट्युरिंगला या मांडणीचं कोडं पडलं होतं. त्याच्या जन्मशताब्दीला, 2012 साली, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयानं लोकांना सूर्यफुलं लावून ओळी मोजायला सांगितलं. 657 सूर्यफुलांची माहिती जमली. बहुतेक फुलं मालिकेप्रमाणे निघाली, पण सगळी नव्हेत. एखाद-दुसऱ्या आकड्यानं चुकणारी, अगदी वेगळ्याच संख्यांची, ज्यांच्या ओळी नीट मोजताच येत नाहीत अशीही होती.

परागण झालं की किरणं सुकून गळतात, स्तबक काही दिवस मिटल्यासारखं राहतं आणि मग एका कोरड्या सकाळी राखाडी-पांढरा गोळा होऊन उघडतं. अंडाशयाच्या माथ्यावरचे ते केस आता वाढलेले असतात. एकदांडीच्या प्रत्येक फळावर साधारण वीसेक तंतूंचा झुपका असतो आणि प्रत्येक तंतूला दोन्ही बाजूंनी आणखी बारीक केस असतात. फळ जेमतेम दोन मिलिमीटरचं, काळपट, स्वतःही लवदार. फुंकर मारली की निघालं.

हे केस बिया हवेत तरंगत ठेवतात कसे, याचं नीट उत्तर मिळालं ते एकदांडीच्या नात्यातल्या डँडेलियन या रानफुलावरून. 2018 मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी डँडेलियनचं बी उभ्या हवेच्या झोतात स्थिर तरंगत ठेवलं आणि त्या हवेत धूर सोडून ती कशी वाहते ते पाहिलं. तंतूंमधल्या फटींतून थोडी हवा आरपार जाते, थोडी बाजूनं वळसा घेते, आणि दोन्ही मिळून झुपक्याच्या वर हवेचं एक बंद कडं तयार होतं. ते झुपक्याला चिकटलेलं नसतं, किंचित अंतर राखून त्याच्यासोबत खाली येतं. या कड्यामुळे बी सावकाश उतरतं. सलग कापडासारखी चकती असती तर मागची हवा अस्थिर होऊन बी डगमगलं असतं. मोकळ्या फटीच इथे कामाच्या. एकदांडीच्या तंतूंची रचना डँडेलियनपेक्षा वेगळी, जास्त पिसाऱ्याची आहे, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तत्त्व मात्र तेच: विरळ केस, त्यांच्यात अडखळणारी हवा आणि अतिशय हलकं ओझं.

वाऱ्यावर बी, शिवाय जमिनीला टेकलेल्या खोडाला पेरापेरावर मुळं फुटण्याची सवय. त्यामुळे दांड्या खुडल्या तरी रोप मरत नाही, कापलं तरी बुडातून पुन्हा फुटतं आणि ओल मिळाली की वर्षभर फुलत राहतं. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची ही वनस्पती आता उष्ण कटिबंधात जवळजवळ सगळीकडे पोचली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसनं 1753 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं. आज अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत ती आहे. गंमत म्हणजे आपण देवाला वाहतो तो झेंडूही मेक्सिकोकडचाच. आणि 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं गाजरगवतही अमेरिका खंडातलंच. या तिघांना एका मापानं मोजू नये असं मला वाटतं. गाजरगवत अंगाला खाज आणते, दमा बळावते, गुरांचं रान गिळते. एकदांडी शेतात तण म्हणून त्रास देते हे खरं, पण पडीक खडकाळ कडेला ती जे करते त्याला उपद्रव म्हणणं जड जातं.

जखमेवर एकदांडीचा पाला चुरगळून लावायची पद्धत गावोगाव आहे. विळा लागला, काटा ओरखडला की बांधावरचा पाला तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. उंदरांवरच्या काही प्रयोगांत या पानांच्या अर्कानं जखम भरायला मदत झाल्याचं दिसलं आहे. माणसांवर तसा पक्का निर्णय लागण्याइतकं काम झालेलं नाही. 'चरक-सुश्रुतांनी सांगितलेली वनस्पती' असं कुणी पुढे पाठवलं तर मात्र ते सोडून द्या. अमेरिकेतून आलेलं रोप त्यांच्या ग्रंथांत असायचं कारण नाही. ही माहिती शेतात राबणाऱ्यांनी नंतर, हातानं करून बघत जमवलेली आहे, आणि माझ्या मते ते श्रेय त्यांचंच आहे.

आणखी एक घोळ नावांचा आहे. एकदांडीला काही भागांत टणटणी म्हणतात आणि घाणेरीलाही काही भागांत टणटणीच म्हणतात. घाणेरीचा पाला गुरांना विषारी. त्यामुळे कुणी 'टणटणी लाव' म्हटलं तर आधी रोप बघा. एकदांडीची पानं समोरासमोर, दातेरी आणि केसाळ. वीतभर दांडीवर एकच स्तबक. कडेला बहुधा पाच किरणं आणि प्रत्येकाला तीन दात. घाणेरीचं खोड उभं, बहुतेक वेळा काटेरी, आणि फुलांचे रंगीत घोस. माका लहानखुरा, पांढऱ्या फुलांचा, ओलसर जागी वाढणारा, त्याला अशी लांब दांडी नसते. आणि जखम खोल असेल, मातीत किंवा गंजक्या लोखंडानं झाली असेल, तर पाला राहू द्या. वाहत्या पाण्यानं ती स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.